डावखुरी शिवण

दिवसाला चाळीस शाळेच्या हाफपँटी कापणाऱ्या बाईकडे
कुणी शंभर वर्षांपूर्वीची बॉडी घेऊन येत नाही.
गुडूरांची जयमाला आली, साखर पेठेतून, भर दुपारी.
वर्तमानपत्राच्या घडीत उशीचा अभ्रा,
अभ्र्यात ती.

"गिरणीतल्या बायकांच्या कपड्यांचं प्रदर्शन आहे, अक्का.
ही हात लावला तरी विरते.
हिची जुळी करून द्या."
मी आधी दुकानाचं दार ओढून घेतलं.
मग माझं मलाच हसू आलं :
घालणारी जाऊन साठ वर्षं झाली,
झाकतेय कुणाला?

राजव्वा तिचं नाव. वाइंडिंग खात्यात कांड्या भरायची.
कापड मांजरपाट, गिरणीचाच, तुकड्यात मिळालेला.
पुढं चार गुंड्या, एकीची दुसरीला ओळख नाही :
एक शिंपल्याची, एक हाडाची,
एक कुणाच्या तरी सदऱ्याची,
चौथीच्या जागी दोऱ्याची गाठ.

उसवायचं नाही, अशी अट.
खाकी कागदावर पसरून
टाचणीच्या टोकानं मी शिवण न् शिवण टोचत गेले.
भोकं पेन्सिलीनं जोडली तेव्हा निघाली
डावीकडं पाऊण बोट रुंद बाई.
"एकाच अंगावर पाजलं असेल,"
सासू खाटेवरून म्हणाली, न विचारता.

टाके मोजले. इंचात अकरा.
मी अकराच घातले, सरळ घातले,
तरी जुळीचं तोंड बहिणीसारखं दिसेना.
तीन दिवस. चार वेळा उसवलं.
मग मुलाच्या कंपासमधलं भिंग लावून बघितलं :
तिचा एकेक टाका उलट्या अंगाला कललेला,
आरशात वाचलेल्या अक्षरासारखा.

राजव्वा डावखुरी होती.
जयमालाला माहीत नव्हतं, तिच्या आईलाही नाही.
घरात फोटो नाही. मस्टरवर नुसता अंगठा.
फोनवर जयमाला गप्प झाली, मग म्हणाली,
"अक्का, मीपण."

सुई डाव्या हातात घेतली.
पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून शिवत बसले.
बोटं टोचली, एकदा कापडावर ठिपका पडला,
तो थुंकी लावून काढला, आईनं शिकवल्यासारखा.
हाफपँटीचा मुकादम दोनदा येऊन ओरडून गेला.

काखेतला डाग तेवढा नको, जयमाला म्हणाली.
बरं म्हटलं.
पण रंग? तो काही केल्या येईना,
मांजरपाट आता दुधासारखा मिळतो.
कांजी काढली, दगडावर आपटला, गच्चीवर टाकला,
आणखीच पांढरा झाला.
मग ध्यानात आलं. हिला ऊन कधी लागलंच नव्हतं.
जन्मभर ही दुसऱ्या लुगड्याच्या पोटात वाळली,
दोरीवर असूनही दोरीवर नसल्यासारखी.
मी नवीन तुकडा दोन टॉवेलांच्या मध्ये वाळत घातला,
सोलापूरच्या एप्रिलात, आठ दिवस,
रोज भिजवून रोज.
दमट, कोंदट, हळदीच्या पाण्याहून फिका
असा एक रंग चढला.
त्याला दुकानात नाव नाही.

शेवटी आतला खिसा.
डाव्या बाजूला, पाऊण बोट रुंदीचा हिशेब तिथं लागला,
सासूला मी सांगितलं नाही.
खिशाचं तोंड शिवलेलं.
चाचपला तर आत काहीतरी गोल, पातळ,
पैसा असेल, बिल्ला असेल,
सरकवलं तर सरकतं, वाजत नाही.
उसवायचं नाही, ही अट. मी पाळली.

पण जुळीचा खिसा रिकामा ठेवला
तर तो तिच्यासारखा लोंबत नव्हता.
मी काहीतरी घातलं आत.
काय, ते जयमालानं दोनदा विचारलं.
तोंड शिवून टाकलंय,
डाव्या हातानं, इंचात अकरा.